ठासणीची जुनी रायफल आणि खाडीकाठचं घर: तेल लावावं की मेण?

आजोबांची ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, रायफल आपल्या नावावर आली, ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या फ्लॅटमध्ये लोखंडी कपाटात नीट ठेवली, आणि मे महिना सरत आला की एकच प्रश्न डोकं खायला लागतो. हिला आता तेल लावायचं की मेण? दोन जाणकारांना विचारलं तर दोन उत्तरं मिळतात, आणि दोघंही आपापल्या परीनं बरोबर असतात. मी दोन्ही वापरून पाहिलं आहे. माझं घर कोपरीत, खाडीच्या बाजूला. माझ्याकडे टोपीवर, म्हणजे घोड्याच्या आघातानं ठिणगी देणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीवर, उडणारी शिकारी रायफल आहे. माझा थोरला मावसभाऊ ऐरोलीला राहतो, त्याच्याकडे ठासणीचीच गुळगुळीत नळीची बंदूक आहे. दोन्ही आमच्या आईकडच्या आजोबांच्या, मुरबाडकडच्या गावातून आलेल्या, म्हणजे पूर्वायुष्य दोघींचं सारखंच. दादा कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झाला, त्यामुळे तो तेलाचा माणूस. मी अलीकडे मेणाकडे झुकलोय. का झुकलो, ते खाली सविस्तर लिहितो. तुमची बंदूक आणि तुमचं घर वेगळं असेल, तर तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं, हे मनात धरूनच वाचा.

घोडा (टोपीवर आपटतो तो), चाप, निपल (ज्यावर टोपी बसते ते टोक), गज (नळीत घालायची सळई) हे शब्द तुम्हाला परिचयाचे आहेत आणि परवाना चालू आहे, असं गृहीत धरतो. वारसाला बंदुकीबरोबर परवाना आपोआप मिळत नाही. तो स्वतःच्या नावानं काढावा लागतो आणि तोवर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवावी लागते. ते काम बाकी असेल तर आधी ते उरका, तेल-मेण नंतर.

आणखी एक गोष्ट, माहीत असली तरी पुन्हा सांगतो. गावाकडून आलेली ठासणीची बंदूक भरलेली नाही असं कधीच समजू नका. डुक्कर शेतात उतरलं म्हणून बार भरून ठेवला आणि डुक्कर आलंच नाही, अशा बंदुका वर्षानुवर्षं आढ्याला टांगलेल्या असायच्या. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. नळीचं तोंड स्वतःकडे न वळवता गज अलगद आत सोडा, तोंडापाशी चिमटीत धरून खूण करा, बाहेर काढा आणि त्याच खुणेनं नळीच्या बाहेरच्या अंगाला लावून बघा. गजाचं टोक निपलाच्या रेषेत पोचलं तर नळी रिकामी. दोन-चार बोटं अलीकडेच राहिलं तर आत काहीतरी आहे. ते स्वतः उकरायचं नाही आणि निपलही खोलायचं नाही. परवानाधारक कारागिरालाच कळवा.

आता मुद्द्यावर. तेल की मेण हा प्रश्न येतो तो नळी स्वच्छ झाल्यावर. स्वच्छ कशानं करायची यात मात्र माझं आणि दादाचं एकमत आहे: पाण्यानं. काळ्या दारूत साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक असतं. ती जळल्यावर निम्म्याहून जास्त वजन वायू न होता घन रूपातच उरतं. त्यात पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड असे क्षार असतात आणि त्यातले काही हवेतली ओल ओढून घेतात. जुन्या टोप्यांच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं, त्यातून क्लोराइड मागे राहतं, म्हणजे मिठाचंच भावंड. हे सगळं पाण्यात विरघळतं, खनिज तेलात विरघळत नाही. म्हणून जळलेल्या दारूचा जुना राप तसाच ठेवून वरून भरपूर तेल चोपडलं की दिसायला नळी चकचकीत आणि तेलाच्या खाली गंजाचं काम चालू, अशी अवस्था होते. गावाकडून आलेल्या बहुतेक बंदुकांचं दुखणं हेच असतं. कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, गजाला गुंडाळलेलं सुती फडकं. फडकं पांढरं बाहेर येईपर्यंत फिरवा, लगेच कोरडं करा, आणि कान, म्हणजे निपलाखालचा बारीक मार्ग, पिसानं किंवा पाइप साफ करायच्या केसाळ तारेनं कोरडा करा. उकळतं पाणी ओतायचा सल्ला काही जण देतात. आपल्या दमट हवेत त्यानं नळीच्या आत क्षणात भगवा थर धरलेला मी पाहिलाय, म्हणून मी कोमटावरच थांबतो.

बाहेरच्या तपकिरी रंगाला पॉलिश पेपर लावू नका. जुन्या नळ्यांचा तो रंग गंजच असतो, पण कारागिरानं मुद्दाम, मोजून-मापून चढवलेला आणि मग थांबवलेला. तो घासून काढला की बंदुकीचं वय आणि किंमत दोन्ही गेलं. नळी पट्ट्या पिळून बनवलेली असेल, म्हणजे अंगावर नागमोडी नक्षी दिसत असेल, तर फडक्याशिवाय दुसरं काहीच लावू नका.

आता तेल. तेलाच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पहिलं म्हणजे ते सरकतं. मेण जिथे लावाल तिथेच बसतं, पण तेल आट्यांमध्ये, खिळ्यांच्या खाली, कमानीच्या (स्प्रिंगच्या) मागे स्वतःहून पोचतं. माझ्या रायफलचं निपल जागीच धरलेलं होतं. ते सुटलं ते तेलानंच: मुळाशी पातळ तेल सोडायचं, थांबायचं, परत सोडायचं, आणि बरोबर मापाची चावी मिळेपर्यंत पान्याला हातही लावायचा नाही. सैल चावीनं जबरदस्ती केली की निपलाच्या कडा गोल होतात आणि मग नळीच्या मागच्या भागालाच हात घालावा लागतो. या कामात मेणाचा काडीचाही उपयोग नाही. लॉकच्या, म्हणजे घोडा उडवणाऱ्या यंत्रणेच्या, आत, घोडा आणि कमान जिथे एकमेकांवर घासतात, तिथेही तेलाचा थेंबच लागतो.

दुसरं म्हणजे तेल सोपं आहे. दादाचं म्हणणं असं, की ज्या कामाला पाच मिनिटं लागतात ते माणूस करतो, ज्याला दुपार लागते ते पुढच्या रविवारवर ढकलतो. हे त्याचं म्हणणं मला पटतं. तो शिलाई मशिनचं तेल वापरतो, पातळ, बिनवासाचं खनिज तेल, आणि दर पंधरवड्याला बंदूक बाहेर काढून पुसतो. त्याची शिस्त पक्की आहे आणि त्याच्या नळीवर एक ठिपका नाही. आजोबा खोबरेल लावायचे. गावाकडे तेच हाताशी असायचं. पण वनस्पती तेलं कालांतरानं खवट होतात, त्यात आम्ल तयार होतं आणि लॉकच्या आत त्यांचा पिवळट चिकटा बसतो. घोडा अर्ध्यावर रेंगाळत उतरत असेल तर नव्वद टक्के वेळा हा चिकटाच कारण असावा, असा माझा अंदाज आहे. अशा लॉकला नवं तेल देऊन उपयोग नाही. आधी टर्पेंटाइननं जुनं सगळं उतरवावं लागतं.

माझ्या दृष्टीनं तेलाची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ते लाकडात जातं.

बंदूक आपण उभी ठेवतो, दस्ता (मागचा लाकडी भाग) खाली, तोंड वर. कपाटात दुसरी जागाच नसते. नळीला बाहेरून आणि आतून दिलेलं तेल मुंगीच्या गतीनं का होईना, खाली उतरत राहतं. नळी संपते तिथे लोखंड लाकडात बसवलेलं असतं आणि नेमकं तिथेच लाकूड आडवं कापलेलं असतं, म्हणजे त्याच्या शिरांची तोंडं उघडी असतात. अक्रोडाचं लाकूड तिथे तेल पिऊन घेतं. दोन पिढ्या हे चालू राहिलं की काय होतं ते मला माझ्या रायफलचं लॉक पहिल्यांदा उतरवलं तेव्हा दिसलं. बाहेरून दस्ता छान गडद, जुन्या लाकडाला शोभेल असा. आत लॉक बसायची खोबण काळीकुट्ट, ओलसर, चकाकणारी. अंगठ्याचं नख हलकं दाबलं तर खूण उमटली. जिथे घोड्याचा प्रत्येक आघात झेलायचा, तिथलं लाकूड साबणाच्या वडीसारखं मऊ झालं होतं. लॉकचा खिळा आवळला की घट्ट व्हायचा, दुसऱ्या आठवड्यात परत सैल. वरवर पाहता वाटतं की खिळ्याचे आटे गेलेत. आटे ठणठणीत होते, खाली लाकूडच दबत होतं.

यावर उपाय आहे, पण चिकाटीचा आहे. खडूची बारीक भुकटी अ‍ॅसिटोनमध्ये कालवून त्याचा लेप खोबणीत भरायचा. अ‍ॅसिटोन उडताना तेल वर खेचतं आणि भुकटी ते शोषते. पांढरा लेप पिवळसर होतो, मग झाडून टाकायचा आणि नवा भरायचा. खिडक्या उघड्या ठेवून, गॅस आणि देवघरातला दिवा दोन्ही विझवून, कारण अ‍ॅसिटोन झटकन पेट घेतं. लेप पिवळा यायचा थांबला की बरंचसं तेल निघालं असं समजायचं. सगळं कधीच निघत नाही. माझ्या रायफलच्या मनगटापाशी, म्हणजे दस्ता बारीक होतो तिथे, अजूनही उन्हाळ्यात हाताला किंचित ओशट लागतं.

दादा यावर तोड सांगतो: बंदूक उलटी ठेव, तोंड खाली. बरोबर आहे, जुने जाणकारही हेच सांगतात, आणि दादा तसंच करतो. पण मग तेल तोंडाशी जमतं, खालच्या फडक्यावर डाग पडतो, त्या फडक्याला धूळ आणि ओल चिकटते आणि माशीपाशी (नेम धरायच्या टोकावरच्या उंचवट्यापाशी), तोंडाच्या कडेला, जिथे रायफलची अचूकता ठरते तिथेच ते ओलं फडकं दिवसरात्र टेकलेलं राहतं. दादा फडकं बदलतो. तो सगळंच वेळच्या वेळी करतो. पण मी स्वतःला ओळखतो, आणि हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण दादापेक्षा माझ्यासारखे असतील असं मला वाटतं.

तेलाचा दुसरा परिणाम उडवणाऱ्यांना जाणवतो. टोपी फुटते, आवाज होतो, बार मात्र उडत नाही. लोक दारूला दोष देतात. पुष्कळदा कानात तेल उतरून बसलेलं असतं आणि टोपीची ठिणगी दारूपर्यंत पोचतच नाही, किंवा तळाची दारू ओशट झालेली असते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आमच्या रायफलला शिकार उरली नाही, त्यामुळे मला हे क्वचित भोगावं लागतं. पण रेंजवर काळी दारू उडवणारे लोक भरण्याआधी नळी आणि कान कोरडा करून, रिकाम्या नळीवर एक-दोन टोप्या फोडून घेतात, ते याचसाठी. टोपीच फुटत नसेल तर गोष्ट वेगळी. निपलाचं टोक ठोकून ठोकून पसरलंय का, टोपी पूर्ण खाली बसते का, कमान थकली आहे का, या क्रमानं बघा. पहिल्या आघाताला टोपी नुसती खाली सरकत असेल आणि दुसऱ्याला फुटत असेल, तर निपलाकडे बोट दाखवा, कमानीकडे नको. आणि घोडा अर्ध्या खाचेवरून (सुरक्षेसाठी तो अर्धवट चढवून थांबवतात तिथून) आपोआप सुटत असेल तर कानस हातात घेऊ नका. ती खाच कारागिरानंच बघायची. शस्त्र कायद्यात दुरुस्तीच्या धंद्यालासुद्धा परवाना लागतो, तेव्हा नाक्यावरच्या लेथवाल्याकडे नेऊ नका.

आता मेण. मेण म्हणजे मेणबत्तीचं किंवा फरशी पुसायचं नव्हे. संग्रहालयांत धातू आणि लाकडाच्या जुन्या वस्तूंना लावतात ते सूक्ष्मस्फटिकी मेण. त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव रेनेसान्स वॅक्स. ते ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत 1950 च्या दशकात तयार झालं. मधमाश्यांच्या मेणात मुळातच थोडी आम्लं असतात आणि जुन्या पॉलिशांमधून ती धातूला वर्षानुवर्षं लागत राहतात, ही त्यामागची काळजी होती. डबी छोटी, किंमत तेलाच्या मानानं भलतीच, हे मान्य. पण ती लागते इतकी थोडी की आमच्या घरी कधी संपेल असं वाटत नाही. मी तेच मेण दस्त्यालाही लावतो आणि पितळेच्या साजालाही. एका बंदुकीला एकच डबी पुरते, हा सोयीचा भाग मला फार आवडला.

लावायची पद्धत महत्त्वाची आहे, कारण मेण वाईट लागतं तेव्हा बहुतेक वेळा जास्त लावलेलं असतं. मे महिन्यातली कोरडी दुपार निवडा, पावसाची झड असताना नको. पातळ सुती हातमोजे घाला, कारण आपल्या घामात मीठ असतं. नळी टर्पेंटाइननं पुसून तेलाचा अंशही काढा. गॅलरीत ऊन येत असेल तर नळी थोडा वेळ उन्हात ठेवा, हाताला ऊबदार लागेल इतकीच. मग धुऊन मऊ झालेल्या मलमलीच्या तुकड्याच्या टोकाला मेणाचं नुसतं बोट लावा आणि नळीवर छोट्या गोलाकार चालीनं फिरवा. ऊबदार लोखंडावर मेण पसरताना एक मंद तवंग दिसतो आणि दोन-तीन मिनिटांत तो धुरकट होतो. तो धुरकटपणा आला की स्वच्छ फडक्यानं लांब हातानं घासून काढा. लोखंड कोरडं लागायला हवं. बोट फिरवल्यावर किंचितही चिकटलं तर अजून घासा. दुसरं पूट दुसऱ्या दिवशी. घोड्याची मागची बाजू, निपलाभोवतीची खोलगट जागा, माशीचं मूळ, अशा आडवळणाच्या जागी जुन्या टूथब्रशनं मेण बसवा आणि त्याच ब्रशनं झटका.

यानंतर पावसाळ्यात काय फरक पडला ते सांगतो. मोजमापं मी केलेली नाहीत, डोळ्याला आणि हाताला जे कळलं तेच सांगतोय. जुलैमध्ये आमच्याकडे कपाटातली पुस्तकं फुगतात, चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. तेलावर असताना याच दिवसांत नळीवर, विशेषतः जिथे हात लागला असेल तिथे, बोटांच्या ठशांच्या आकाराचे भगवे डाग यायचे. पुसायचे, तेल द्यायचं, परत यायचे. मेण लावल्यापासून ते ठसे थांबले. ओला हात लागला तर पाण्याचे थेंब गोल होऊन उभे राहतात, फडक्यानं टिपले की संपलं. आणि कपाट उघडलं की येणारा तेलाचा वासही गेला, हे घरातल्या इतरांनी माझ्याआधी सांगितलं.

खंडेनवमीलाही हाच फरक. आम्ही शस्त्रपूजन करतो, पुढेही करू. तेलकट नळीला हळद-कुंकू लावलं की ते तेलात कालवलं जातं, खोबणीत शिरतं आणि दिवाळीपर्यंत लाल ओघळ लाकडावर दिसत राहतो. झेंडूच्या ओल्या फुलांखाली तर दुसऱ्या दिवशी डाग ठरलेलाच. मेणावर कुंकू वरच्यावर बसतं आणि कोरड्या फडक्यानं पूर्ण निघतं. फुलं मी आता बंदुकीखालच्या पाटावर वाहतो, नळीवर नाही. आईलाही ते पटलंय. (बार काढायची जुनी हौस मात्र सोडूनच द्या. 2019 च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात बेपर्वाईनं उडवलेल्या बारासाठी 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.)

शहरात परवाना असलेल्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आणखी एक बाब आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याचे आदेश निघतात. 2024 साल आठवा. लोकसभेची आचारसंहिता मार्चच्या मध्यात लागली, ठाण्याचं मतदान 20 मे रोजी झालं, विधानसभेची आचारसंहिता ऑक्टोबरमध्ये लागली आणि मतदान 20 नोव्हेंबर रोजी. मधे सगळा पावसाळा. अशा वर्षी बंदूक आपल्या हातात कमी आणि दुसऱ्याच्या कपाटात जास्त राहते. तिथे जाऊन दर पंधरवड्याला तेलाचं फडकं मारायला आपल्याला कोणी देणार नाही, आणि तशी अपेक्षा करणंही चुकीचं आहे, त्यांच्याकडे शेकडो शस्त्रं असतात. तेल लावलेली बंदूक कापडी पिशवीत गेली की पिशवी तेल पिते आणि लोखंड उघडं पडतं. मेण पिशवीनं पुसलं जात नाही. जमा करण्याआधी एक ताजं पूट दिलं की माझ्या मनाला स्वस्थता मिळते. परत आली तेव्हा नळीवर बरेच हात फिरलेले दिसत होते, पण फडकं फिरवल्यावर खाली रंग जसाच्या तसा होता. दादाची बंदूक त्याच काळात परत आली तेव्हा तिच्यावर दोन-तीन ठिकाणी भगवी पूड होती. त्यानं ती तेलानं उतरवली, खड्डा पडला नव्हता. तो म्हणतो एवढं चालायचंच. मला ते चालत नाही, इतकाच आमच्यातला फरक.

दादा मला म्हणतो, मेण हे साहेबांच्या म्युझियमचं खूळ आहे, आपल्याकडे तेलच. त्यावर मी त्याला 1857 च्या जानेवारीतली कोलकात्याजवळच्या डमडम छावणीची हकीकत ऐकवतो. एनफिल्ड रायफलच्या नव्या काडतुसांना लावलेल्या चरबीवरून शिपाई अस्वस्थ झाले, तेव्हा पर्याय म्हणून त्यांनी स्वतःच मेण आणि तेलाचं मिश्रण सुचवलं होतं. ठासणीच्या रायफलपाशी उभ्या असलेल्या आपल्या माणसांना दोन्हींची जाण होती. दादा हसतो आणि म्हणतो, बघ, त्यांनीसुद्धा तेल सोडलं नव्हतं. ते खरंच आहे, आणि मीही तेल पूर्ण सोडलेलं नाही. आतल्या नळीत, जिथे मेण नीट बसवता आणि घासता येत नाही, मी तेलाचं नुसतं ओलसर फडकं फिरवतो आणि मागून कोरडं फडकं. लॉकच्या आत सुईच्या टोकानं थेंब. निपलाच्या आट्यांना किंचित ग्रीस, म्हणजे पुढच्या खेपेला ते धरून बसणार नाही. इतक्या थोड्या तेलाला लाकडापर्यंत वाहून जायला उरतच नाही.

मेणाच्या बाजूनं झुकलो असलो तरी तीन ठिकाणी मी तेलच सांगेन. नळीवर आधीच खोल खड्डे असतील तर मेण त्यात पांढरं होऊन बसतं, दिसायला वाईट आणि काढायला कटकटीचं. तिथे पातळ तेल बरं. रायफल वरचेवर रेंजवर जात असेल तर दर खेपेला पाणी लागणारच, मग नळीच्या मागच्या भागावरचं मेण टिकत नाही, आणि तेलाचं फडकं जास्त व्यवहारी ठरतं. आणि ज्यांना दादासारखी पंधरवड्याची शिस्त जमते, बंदूक उलटी ठेवायला जागा आहे, त्यांनी जमलेली घडी मोडू नये. बाकी आपण सगळे, म्हणजे ज्यांची बंदूक बहुतेक काळ कपाटातच असते, खाडीचा वारा खिडकीतून येतो आणि कपाट उघडायला महिना-महिना उलटतो, त्यांच्यासाठी मला मेण जास्त योग्य वाटतं. चामड्याचं म्यान किंवा स्पंजाची पेटी मात्र दोन्ही बाबतीत नको, दोन्ही ओल धरून ठेवतात. सुती गवसणी, कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या, आणि त्या मधूनमधून ओव्हनमध्ये सुकवून परत, एवढं पुरतं.

तेलावरून मेणावर जायचं ठरवलं तर घाई करू नका. तेलावर मेण धरत नाही, ते नुसतं सरकत राहतं. आधी लॉक उतरवून खोबण बघा. ती काळी आणि ओलसर असेल तर खडूचे लेप सुरू करा आणि बंदूक काही आठवडे तोंड खाली करून ठेवा, तोंडाखाली रोज बदलता येईल असं कोरडं फडकं. नळीच्या पुढच्या भागाला, लाकडापासून दूर, मेण लगेच लावायला हरकत नाही. पण मनगटापाशी, लाकूड आणि लोखंड मिळतात त्या रेषेवर, टिपकागद दाबून बघत राहा. कागदावर तेलाचा पारदर्शक डाग उमटतोय तोवर तिथे मेण लावू नका, नाहीतर आतलं तेल आतच कोंडलं जाईल. माझ्या रायफलला ते बंद व्हायला एक अख्खा उन्हाळा गेला.